मात्रा

सकाळी सहाला ट्रे घेऊन निघाले
तेव्हा सोळा युनिट भरून झाले होते.
बुडबुडा टिचकीने वर आणला, उडवला.
बाटलीवरचं नाव तीनदा वाचलं,
फ्रीजमधून काढताना, भरताना, परत ठेवताना.
इथवर सगळं बरोबर.

बाहेर द्वारकेचा पूल, पुलाखाली कांद्याचे ट्रक,
निफाडहून आलेली थंडी काचेला नाक लावून उभी.
माझे पाय दहा तासांपासून माझे नव्हते.

खाट अकरा. चार्ट म्हणतो,
पार्वताबाई पगार, सटाणा, शुगर.
खाट चौदा. चार्ट म्हणतो,
पार्वताबाई पगारे, येवला, दमा.
रात्री दोनला चौदाची धाप वाढली,
तिथला ऑक्सिजनचा पॉइंट बंद,
म्हणून मी आणि रखमाजी मामांनी अदलाबदल केली.
खाटा जागेवरच, बायकाच इकडच्या तिकडे.
पायाशी अडकवलेले चार्टही जागेवरच.
हे सहाला मला आठवलं नाही.
लिहिताना अजून हात गार पडतो.

"पार्वताबाई पगार ना?"
"हो," म्हणून बाईंनी दंड पुढे केला.

दवाखान्यात माणसं हो म्हणतात.
हो म्हटलं की लवकर घरी सोडतात
असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं.

भालेराव सिस्टर, शरणपूरच्या,
रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
त्या माझ्या मनगटापाशी येऊन उभ्या राहिल्या.
"नाव सांगू नको गं, नाव विचार.
तू सांगितलंस तर प्रश्नही तुझा, उत्तरही तुझंच."

सुई झाकली.
"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं."

आजींनी मास्क बाजूला केला
आणि पदर तोंडाला लावला.
पूर्ण नाव म्हणजे मधे मालकांचं नाव.
"पट्टीवर लिवलंय की."
"ते वाचतेच मी. पण तुमच्या तोंडून हवं."
"उखाण्यात घेऊ का मंग?"
अर्धा वॉर्ड जागा झाला होता, कुणीतरी खुदकन हसलं.
दोन श्वासांच्या मधे थांबत थांबत आजी म्हणाल्या,

"येवल्याच्या पैठणीला मोराची नक्षी,
दगडूरावांचं नाव घेते, सिस्टर हाये साक्षी."

येवल्याच्या.
मी खाली बसले, खाटेच्या कडेवर.
"आणि आडनाव?"
"पगारे."
तो शेवटचा 'रे' धापेतून सावकाश आला.
पट्टीवरही होता. शाई पुसट, पण होता.

शाळेत काना-मात्रा चुकली की अर्धा गुण जायचा.
नोकरीत मात्रा म्हणजे हे, सिरिंजमधलं पाणी.
दोन्ही मात्रा एकाच वेळी
माझ्या अंगठ्याखाली होत्या.
माझं सासर आनंदवलीचं.
तिथे अजून सांगतात, कुणी ध चा मा केला ते.
खरं-खोटं देव जाणे.
मी ती गोष्ट नुसती ऐकली होती.

गांगुर्डेला हाक मारली. दोघींनी
चौदाच्या मनगटावरची पट्टी मोठ्याने वाचली.
खऱ्या पगारबाई वैतागल्या,
"येवढं काय विचारता, पोलीस हाये का?"
त्यांना इंजेक्शन दिलं. मग चार्ट बदलले.

सातला रजिस्टर मागितलं.
रात्रपाळीचे डॉक्टर चहा घेत होते,
"कशाला लिहिता? काही झालं का?"
काही झालं नव्हतं. तेच लिहायचं होतं.
काही झालं नाही, ते एका म्हातारीला
उखाणा येत होता म्हणून.
पुढच्या खेपेला तो येईलच असं नाही.
लिहिलं: माणसं हलवली, कागद हलवले नाहीत.
हो असंच उत्तर येईल असा प्रश्न विचारला.
खाली सही. वेळ. पूर्ण नाव,
मधे नवऱ्याचं, लाजायला वेळ नव्हता.

डिस्चार्जच्या दिवशी पगारे आजी
दारातून हाक मारत राहिल्या,
"साक्षी, ए साक्षी, येते गं."
माझं नाव विमल.
एवढी एक चूक मी दुरुस्त केली नाही.